तानाबाई ओळ चुकवते

वेचणीच्या दिवसांत तानाबाईला कुठेही झोप लागायची. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बाभळीच्या फडक्याएवढ्या सावलीत, आणि एकदा तर कापसाच्या गंजीला पाठ लावून उभ्या उभ्या. शेजारीण मैनाबाई म्हणायची, "ताना, तुले खरंच मरण आलं तं आमाले कळन कसं वो? रोजच तं मेल्यावानी पडतं तू."

"कळन," तानाबाई म्हणायची. "त्या दिवशी मी घोरनार नाही."

सावळदरा हे गाव महागावपासून अडीच कोसांवर, पूस नदीच्या अलीकडच्या उतारावर. काळी जमीन, कपाशी आणि मधून मधून तुरीच्या ओळी. गावाच्या मावळतीला तीस घरांची वस्ती. त्या वस्तीतली एकोणीस माणसं छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन आली, त्यांत तानाबाई होती. जाताना लुगडं पांढरंशुभ्र होतं, येताना त्याच्यावर सगळ्या वाटेचा नकाशा उमटला होता. आल्यावर तिनं घरातले देवांचे टाक नदीत सोडले. सासूच्या अंगात यायचं. सासू मरून वीस वर्षं झाली होती, पण तिची देवीची परडी अजून खुंटीला होती. तीही तानाबाईनंच पाण्यात सोडली आणि हात झटकून घरी आली.

घरात दोनच माणसं. ती आणि तिचा दीर बळीराम. लग्न होऊन आली तेव्हा ती तेरा वर्षांची आणि तो तीनचा. वर्षाच्या आत सासू गेली, पुढं नवरा गेला, स्वतःची दोन लेकरं पाळण्यातच गेली. राहिला हा. त्याला तिनं न्हाऊ घातलं, कडेवर घेऊन वेचणीला नेलं, लोकांच्या शेतात राबून शिकवलं. आता तो गावच्या शाळेत मास्तर होता, आणि उमरखेडच्या एका मुलीशी त्याचं जमत आलं होतं. तिला तो वैनी म्हणायचा. पण त्या शब्दात जे होतं ते आईला हाक मारणाऱ्या पुष्कळांच्या हाकेत नसतं, हे तानाबाईला ठाऊक होतं. त्यावरच ती उठत होती आणि काम करत होती.

दीक्षा घेतली खरी, पण आता म्हणायचं काय, हा प्रश्न उरला. बळीरामनं नागपुराहून वंदनेची एक चोपडी आणली. वस्तीच्या टोकाला कुडाच्या भिंती उभ्या करून, वर पत्रे टाकून विहार केला. आत भगवान बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. रोज संध्याकाळी बळीराम चोपडीतून एक ओळ वाचायचा आणि मागून सगळे म्हणायचे. शब्द नवे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या जिभा जागोजागी अडखळायच्या. खुद्द मास्तरही अडखळायचा, पण मास्तरांना खोकला येतो, तेवढी सोय त्यांना असते.

एकोणसाठ साल सरत आलं होतं. थंडी सुरू झाली होती, वेचणी भरात होती, आणि त्याच दिवसांत तानाबाईला पहिल्यांदा ते स्वप्न पडलं. दुपारी भाकर खाऊन ती बाभळीखाली आडवी झाली होती.

एक लांब खोली होती. शेणानं सारवलेली, खिडकी नसलेली. उजव्या अंगाला एकच दार आणि दाराबाहेर लख्ख ऊन. माणसं पाती धरून बसली होती, कपाशीच्या ओळीतली झाडं असतात तशीच, एकाच्या मागं एक. तानाबाईही एका पातीत बसली होती. मान वळवून मागं पाहावं म्हटलं तर मान वळेना. सगळ्यांच्या पुढं, भिंतीकडे तोंड करून कुणी तरी बसलेलं. मुंडन केलेलं डोकं, ठिगळं जोडलेलं मातकट वस्त्र. बाई की पुरुष, कळायला मार्ग नव्हता. ते माणूस एक ओळ म्हणायचं आणि मागून सगळे म्हणायचे. कुणी चुकलं की ते काही बोलत नसे, रागवतही नसे. शेजारी सरकीची टोपली होती. त्यातली एक सरकी उचलून जमिनीवर टाकायचं. टिक्. की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

जागी झाली तेव्हा तिच्या तोंडात दोन ओळी तयार होत्या.

मग रोजच. दुपारी निजो की रात्री, पाठ टेकली की शाळा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला कुणी तरी शिकवतंय, याचं तिला आधी अप्रूपच वाटलं. वर्षानुवर्षं अक्षरांनी तिला घराबाहेर उभं केलं होतं, आणि आता ती मागच्या दारानं येऊन उशाशी बसत होती. फक्त विसावा तेवढा गेला. दिवसभर ओटीत कापूस आणि झोपेत पाठांतर. अंग उठताना जास्त दुखायचं, निजताना कमी.

एका संध्याकाळी विहारात बळीराम चौथ्या ओळीवर अडला. तानाबाई सहज पुढचं म्हणून गेली. त्यानं चोपडीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"वैनी, हे कोनं शिकवलं तुमाले?"

"तूच तं म्हनतं रोज."

"मी असं नाही म्हनत. मी चुकीचं म्हनतो." तो हसला. "तुमचं बराबर हाये. चोपडीत असंच हाये."

तिच्या ओठांवर आलं होतं. पण टाक गेले, परडी गेली, आणि आता वैनीच्या सपनात कुणी येऊन मंत्र सांगते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मास्तराच्या घरात अंगात आल्यासारखंच झालं ते. तिनं पदरानं तोंड पुसलं.

शिवाय एक गोष्ट तिनं स्वतःशीच ठेवली होती. स्वप्नातल्या पातीत तिच्या पुढं जो बसायचा त्याची मान तिनं पहिल्याच दिवशी ओळखली होती. डाव्या कानामागं गोल भोवरा. त्या मानेला तिनं इतकी वर्षं तेल लावलं होतं, आंधळी झाली असती तरी ओळखली असती. बळीरामही शिकत होता. जागेपणी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं, पण त्याचं अडखळणं दिवसेंदिवस कमी होत होतं. तिला बरं वाटायचं. आपलं लेकरू आपल्या एक पाऊल पुढं आहे, यापेक्षा बाईला आणखी काय पाहिजे?

पौषात स्वप्नातल्या त्या खोलीत एक गोष्ट घडली. अगदी पुढं बसणारा लाल पागोट्याचा एक माणूस सगळ्या ओळी म्हणून गेला, शेवटचीसुद्धा. तानाबाईला ती ऐकू आली नाही. कानावर कुणी हात ठेवावा तसं झालं. मग तो माणूस उठला आणि दारातून उन्हात गेला. त्याची पात शेवटाला लागली, तिनं मनात म्हटलं. सुटला बिचारा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती महागावच्या आठवडी बाजारात मीठ-मिरची घ्यायला गेली. तांड्यावरची एक बाई डिंकाचे वाटे मांडून बसली होती. घागऱ्याला आरसे, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, वय तानाबाईएवढंच. तानाबाई पुढून गेली आणि ती बाई पाठीमागून म्हणाली, "थांब वो. अशीच थांब. वळू नको."

तानाबाई थांबली.

"तूच हायेस. तुह्या अंबाड्यात कायम काडी अडकलेली राहते. सांगावं वाटे मले, पन तठी बोलता नाही येत."

तानाबाईच्या हातातली पिशवी खाली गेली. "कुठी?"

"सरकी टाकते तठी," ती बाई म्हणाली. "मी तुह्या मागं बसते."

तिचं नाव रामीबाई. तिचा तांडा नदीच्या वरच्या अंगाला. दीक्षा, विहार, वंदना यांतलं तिला काही माहीत नव्हतं. त्या ओळी कोणत्या धर्माच्या हेही माहीत नव्हतं. पण तिनं डिंकाच्या वाट्यांवर बोट ठेवत एकामागून एक ओळी म्हणून दाखवल्या आणि त्या जशाच्या तशा होत्या. तिसऱ्या ओळीवर म्हणाली, "अठी तू पहिले चुकत व्हती. तुह्यापायी आमी दहा येळा मागं गेलो."

दोघी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तानाबाईला कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं. मग तिनं विचारलं, "लाल पागोटं कोन व्हतं वो? सुटला थो."

रामीबाईचं हसू तिथंच थांबलं. "माहा घरवाला," ती म्हणाली. "ये एखांद्या दिवशी. पाह्यजो."

तानाबाई तिसऱ्या दिवशी गेली. सकाळची वेळ होती. तांड्याच्या कडेच्या झोपडीपुढं देवीलाल अंबाडीचा दोर वळत बसला होता. डोक्याला लाल पागोटं. तब्येत ठणठणीत, चेहरा असा निवांत की तानाबाईला आपल्या चेहऱ्याची लाज वाटली. त्यानं हात जोडले, बसायला घोंगडी दिली आणि पाणी आणून दिलं.

"निजत नाही," रामीबाई हलक्या आवाजात म्हणाली. "त्या दिवसापासून डोळ्याले डोळा नाही. दमत बी नाही. अदुगर मारत व्हता मले. आता हात नाही लावत. मले नाही, बैलाले नाही, कुत्र्यालेही नाही. तांड्यातल्या बाया म्हनतात, रामी, तुहं नशीब उघडलं."

"मंग?"

रामीबाईनं घरातून एक भाकर आणली आणि नवऱ्यापुढं ठेवली. देवीलालनं ती घेतली, तिचे तीन तुकडे केले. एक बायकोला दिला, एक दारातल्या कुत्र्याला, एक तानाबाईला. तिन्ही अगदी सारखे, मापून केल्यासारखे. तिघांकडे पाहून तो हसला. तिन्ही वेळा हसू तेच होतं.

"गेल्या आठवड्यात लेकीले ताप आला," रामीबाई म्हणाली. "तिच्या डोक्यावरून हात फिरवला यानं. लई मायेनं. मंग उठला अन् तसाच, तेवढाच वेळ, खुंट्यावरून हात फिरवला. माहं नाव घेते थो. बराबर घेते. पन झाडाचं नाव घ्यावं तसं." तिनं आपला तुकडा पदरात बांधला. "मारत व्हता तवा मी त्याची बायको तं व्हती."

तानाबाईनं धीर करून देवीलालला विचारलं, "भाऊ, थ्या शेवटच्या ओळीत काय असते?"

त्यानं विचार केला. खरंच, मनापासून केला. "काही नाही," तो म्हणाला. "बाहेर ऊन हाये."

परतीच्या वाटेवर तानाबाईनं ओळी मोजल्या. सगळ्या मिळून एकवीस. बळीराम सतराव्यापर्यंत आला होता.

त्या दुपारी तिनं पहिल्यांदा मुद्दाम चूक केली. सातव्या ओळीत एका ठिकाणी श्वास रोखून धरावा लागतो, तिथं तिनं श्वास सोडला. टिक्. सगळे पहिल्यापासून. पुन्हा सातवी ओळ, पुन्हा श्वास. टिक्. पुढच्या मानेच्या वरचे दोन्ही कान लाल झाले. लहानपणी त्याला जेवताना उठवलं की असेच व्हायचे. "होऊ दे राग," ती मनात म्हणाली. "राग येते तवरोक माहाच हायेस तू."

मग हेच तिचं काम झालं. वेचणी सरली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, शेतं उघडी पडली, मोहाची फुलं वेचून झाली. ती दर झोपेत जाऊन सातवी ओळ चुकवत होती. सगळं पाठ असताना चुकणं हे न येण्यापेक्षा अवघड असतं. जराशी गाफील राहिली की तोंड आपोआप बरोबर म्हणून जायचं, आणि मग आठवीत, नववीत घाईनं काही तरी मोडावं लागायचं. भिंतीशी सरकीचा ढीग साचत चालला होता. ते मुंडन केलेलं डोकं एकदाही वळलं नाही. त्याला घाई नव्हती. हेच तिला सगळ्यात जड जायचं. घाई असलेल्या माणसाला थकवता येतं.

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. चालताना भिंत धरायची वेळ आली. बळीरामनं महागावच्या दवाखान्यातून लाल औषधाची बाटली आणली आणि रोज स्वतः उभा राहून पाजली.

"तुमी निजत नाही काय वैनी?"

"निजते तं. मैनाले विचार. माह्याएवढी निजनारी बाई जिल्ह्यात नसन."

मैनाबाई ओसरीवर बसली होतीच. "निजते, पन उठते कशी? नांगराले जुपून आनल्यावानी."

चैत्रात एका संध्याकाळी विहारात चोपडीतली वंदना संपली. लोक पाया पडायला वाकले, आणि बळीराम पुढं म्हणत राहिला. तेरावी ओळ, मग चौदावी. लोकांनीही म्हटली. वाकलेले पुन्हा सरळ बसले आणि म्हणू लागले. चोपडी बाराव्या ओळीला संपत होती. एवढं तिलाही माहीत होतं.

घरी आल्यावर ती बळीरामला म्हणाली, "बापू, आज जास्तीचं म्हटलं थे दाखव मले. कोन्त्या पानावर हाये?"

त्यानं पानं चाळली. एकदा, दोनदा. "असन दुसऱ्या चोपडीत," तो म्हणाला. "नागपूरले ऐकलं असन. आवाज कानात राहतो मानसाच्या." आणि दिव्याची वात सारखी करायला लागला.

त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. खोली, सरकी, रामीबाई, देवीलालचे भाकरीचे तीन तुकडे. तो हसला नाही. तिनं त्याच्या हसण्याचीच तयारी ठेवली होती, त्यामुळं तिचं सगळं बळ वाया गेलं.

"तुमी दमल्या वैनी," तो म्हणाला. "रोज कानावर पडते थेच झोपीत येते. मले तं सपन पडतच नाही." मग, शाळेत समजावतो तशा आवाजात, "अन् समजा, खरं हाये. तं वाईट काय हाये त्याच्यात? मारनारा मानूस मारायचा थांबला. समद्यांवर सारखी माया. थेच तं शिकून राह्यलो आपन."

"मले सारखी नाही पाह्यजे," तानाबाई म्हणाली.

"म्हंजे?"

"मले जास्तीची पाह्यजे. मी तुले जास्तीची देली."

बळीरामनं औषधाची बाटली उचलली, चमच्यात ओतलं आणि तिच्यापुढं धरलं. अर्धं औषध तिच्या पदरावर सांडलं. एवढ्यावर तिनं ती रात्र काढली.

वैशाख पौर्णिमेला विहारापुढं मांडव घातला. आजूबाजूच्या चार गावांतून माणसं आली होती. पांढऱ्या कपड्यांतली साठ-सत्तर माणसं. चुलाण्यावर खिरीचं पातेलं, ऊन सकाळीच तापलेलं. पाहुण्यांना जागा कमी पडली म्हणून बळीरामनं सगळ्यांना एकामागं एक, ओळीनं बसवलं. तो स्वतः पुढं बसला. तानाबाई त्याच्या मागं. तिच्या डोळ्यांपुढं ती मान, डाव्या कानामागं भोवरा. आपण जाग्या आहोत याची खात्री म्हणून तिनं चुलाण्याकडे पाहिलं. धूर होता. डोळ्यांत झोंबला. बरं वाटलं.

वंदना सुरू झाली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. इतक्या माणसांचा आवाज एकदम चढला की पत्रे थरथरले.

सातव्या ओळीला तानाबाईनं श्वास सोडला.

तिनं ठरवलं नव्हतं. तीन-चार महिन्यांची सवय होती, तोंड तसंच गेलं. चुकीचा आवाज तिच्या एकटीचा होता, हलका, एवढ्या गर्दीत कुणाला ऐकूही येऊ नये असा.

सगळे थांबले.

मग सत्तर माणसांनी एकाच वेळी श्वास घेतला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कुणी मान वळवली नाही. मैनाबाई पहिल्यापासून म्हणत होती. खिरीपाशी उभा असलेला गडी हातातली पळी तशीच धरून पहिल्यापासून म्हणत होता. चार गावांची माणसं, ज्यांना तानाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं पुन्हा चूक केली. आता मुद्दाम.

सगळे पुन्हा मागं गेले.

तिसऱ्यांदा चुकवायचं बळ तिच्यात नव्हतं. ओळी सरकत राहिल्या. बारावी गेली, सतरावी गेली. विसाव्या ओळीपाशी सगळा मांडव गप्प झाला, जशी कुणी वेसण ओढली. मग माणसं हलली, हसली, पोरांना शोधू लागली. खीर वाढायला घेतली.

"आज लवकर आटपलं वो," मैनाबाई म्हणाली. मांडवाच्या खांबाची सावली हातभर सरकली होती.

"मैना, तुले सपन पडते काय?"

"मले? पाठ टेकली की मेलीच मी. कायले?"

"काही नाही."

तानाबाईनं खीर खाल्ली नाही. ती घरी आली. तिला आता कळलं होतं की तिच्या मागं कोण कोण बसतं, आणि ओळ किती लांब आहे. एकट्या बाईनं एक श्वास सोडून इतक्यांना किती दिवस मागं फिरवायचं? ओसरीवर घोंगडी टाकून ती बसली. झोपायचं नाही, असं तिनं ठरवलं. डोळ्यांना पाणी लावलं. हाताला चिमटे काढले. बाहेर दुपार भरून आली होती, पाखरूही बोलत नव्हतं. तिनं भिंतीला जरा पाठ टेकवली, जराशीच.

खोली तीच. दार तेच, बाहेरचं ऊन तेच.

ती सातव्या ओळीची वाट पाहत होती. जीभ जड झाली होती. आपल्याला श्वास सोडायचा आहे की धरायचा आहे, हे तिला आठवेना.

तेवढ्यात पुढची मान वळली.

तिथं कुणाची मान वळत नसे. बळीरामची वळली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहरा काळजीचा, औषध पाजताना असायचा तसा.

"वैनी," तो म्हणाला. "किती दमल्या तुमी. निजा आता. पुढचं मी म्हनतो."

"नको बापू," असं तिला म्हणायचं होतं.

तो वाट पाहत होता. तिनं हो म्हटल्याशिवाय तो वळला नसता. लहानपणापासून तिला विचारल्याशिवाय तो कुठं गेला नव्हता.

तिचे डोळे मिटत होते.

तानाबाईनं मान हलवली, गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि ती झोपली.

तिथं, त्या खोलीत, पहिल्यांदाच झोपली. सरकी पडली नाही. कुणाचा आवाज आला नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंग हलकं होतं, कापसानं भरलेलं असावं तसं. कंबर दुखत नव्हती. डोळ्यांची आग गेली होती. किती तरी वर्षांत अशी झोप लागली नव्हती, लग्नाच्या आधी कधी लागली असेल तर. तोंडात एकही ओळ नव्हती. ती तशीच पडून राहिली आणि क्षणभर तिला फार सुख वाटलं.

मग ती उठून बसली.

अंगणात बळीराम होता. हातात तांब्या. त्यानं दारातल्या लिंबाच्या रोपाला पाणी घातलं. मग खापराच्या तुकड्यात ओतून कोंबड्यांपुढं ठेवलं. सगळं सावकाश, एक थेंबही इकडे तिकडे जाऊ न देता. त्याचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. शाळेची काळजी, उमरखेडच्या मुलीची लाज, तिच्या तब्येतीचा घोर, यांतलं काहीच त्यावर नव्हतं. तो इतका सुंदर दिसतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"बापू," तिनं हाक मारली.

तो वळला. तिच्याकडे पाहून हसला. मायेनं हसला, त्यात खोट नव्हती. तांब्यात राहिलेलं पाणी घेऊन तो ओसरीपर्यंत आला आणि वाकून, दोन्ही हातांनी, तिच्यापुढं धरलं.

"घ्या, तानाबाई," तो म्हणाला. "पानी घ्या. लांबून आल्यासारख्या दिसता."

तिनं तांब्या घेतला. पाणी गार होतं. तिला तहान लागली होती, फार दिवसांची. ती सगळं प्यायली.